कोऱ्या ट्रॅकवरचं कुणीतरी

१

गिटार जागेवर होती, ड्रम जागेवर होते, मागे रेंगाळणारा तो ऑर्गनसुद्धा जिथल्या तिथे होता. फक्त बाई नाहीशी झाली होती.

"म्हणजे गेली?" आत्याने कपात चहा ओतता ओतता विचारलं.

"अगं, गेली नाही! धडधाकट आहे. म्हणजे, धडधाकट नाही, पण आहे." भाच्याने डोकं धरलं. "गाण्यातून गेली. तिचा आवाज गेला. कोणीतरी पुसून टाकला."

भाचा आत्याकडे दोनच वेळा येई. एकदा काम असलं की, आणि एकदा काम झाल्यावर आभार मानायला. दुसरी वेळ तो बहुतेक विसरायचा. आत्याला त्याचा राग नव्हता. विमा कंपनीत आयुष्यभर आगीच्या दाव्यांची तपासणी केलेली बाई ती. गोदाम आपोआप जळलं की मालकाने जाळलं हे राख चिवडून सांगायची. नवरा गेला, नोकरी संपली, आणि आता तिच्याकडे चिवडायला स्वतःचं घर तेवढं उरलं होतं. काम घेऊन का होईना, कोणीतरी जिना चढून आलं याचंच तिला बरं वाटलं. तिने बिस्किटांचा डबा काढला.

हकिगत अशी होती. भाचा एका लहानशा स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचा. वर्षभर तिथे एक अल्बम घडत होता, 'उरलेल्या खोल्या' नावाचा. माणसं निघून गेलेल्या एका घरातल्या एकेका खोलीवर एकेक गाणं. गाणारी बाई साबणाच्या आणि रंगाच्या जाहिरातींत गाऊन पोट भरणारी. चाली बांधणारा आणि गिटार वाजवणारा एका हॉटेलात जेवणाऱ्यांसमोर वाजवायचा, जिथे टाळ्यांपेक्षा काटे-चमचेच जास्त वाजत. त्याचा उजवा पाय सतत ताल धरून आपटत असे, झोपेतसुद्धा असं लोक म्हणत, म्हणून त्याचं नाव पडलं ठेक्या. दोघंही एकटी. दोन एकटी माणसं जवळ आली की दुःख वाटलं जातं म्हणतात. यांनी ते वाटून न घेता त्याला चाली लावल्या.

शेवटचं, नववं गाणं 'जिना'. ते गाऊन झालं आणि बाईच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली आणि गाठीबरोबर आवाजही गेला. कायमचा. तेव्हा 'जिना' हे तिचं अखेरचं गाणं, आणि तेच आता नव्हतं.

"दुसरी प्रत?"

"नाही ना! आम्ही जुन्या टेपवर काम करतो. ठेक्याची हौस. आणि त्याचाच नियम, अर्धवट गाणं स्टुडिओबाहेर जायचं नाही. बाईंचं ऑपरेशन झाल्यावर स्टुडिओ काही दिवस बंद ठेवला होता. उघडून टेप लावली तर पहिला ट्रॅक कोरा."

"कुलूप?"

"शाबूत. किल्ल्या तिघांकडे. मी, ठेक्या, बाई."

आत्याने बिस्कीट चहात बुडवलं. "मग तिघांतलाच कोणीतरी."

"म्हणूनच आलोय," भाचा हळूच म्हणाला. "बाईंनी तुला बोलावलंय. त्या म्हणतात, आवाज परत येणार नाही हे मला कळतं. पण ज्याने केलं त्याचं तोंड मला बघायचंय. आणि त्यांना वाटतंय, ते मी केलं."

२

बाई खिडकीशी खुर्ची घेऊन बसली होती. गळ्याला मऊ रुमाल, मांडीवर उशी, आणि खोलीत इतकी टापटीप की माणूस राहतं असं वाटू नये. रेडिओवर चादर टाकली होती, पिंजऱ्यावर टाकतात तशी.

"मला आवाज... नकोय. तो... गेला. मला फक्त... कळू दे... कोणी."

दोन शब्द, मग श्वास. पुन्हा दोन शब्द, पुन्हा श्वास. तिच्या बोलण्यात आवाज नव्हताच, होती ती नुसती हवा. आत्याचा जीव कळवळला, पण तोंडावर तिने तसं दिसू दिलं नाही. दाव्याच्या वेळी रडणाऱ्याला पाणी द्यावं आणि प्रश्न विचारत राहावं, ही तिची रीत.

"ऑपरेशननंतर तुम्ही स्टुडिओत गेला होतात?"

"नाही."

"एकदाही?"

"घराबाहेर... पडायला... बंदी आहे."

धाकटी बहीण सूप घेऊन आली. ताईची सेवा करायला ती आपलं बिऱ्हाड सोडून आली होती. चेहरा तोच, पण दहा वर्षं पुसून टाकलेला. "ताई, पुरे आता. डॉक्टरांनी काय सांगितलंय?" मग आत्याला स्वयंपाकघरात नेऊन ती कुजबुजली, "गळ्यातले पडदे मिटतच नाहीत तिचे. हवा नुसती निसटून जाते. गायचा तर प्रयत्नसुद्धा करायचा नाही, नाहीतर उरलंय तेही जाईल. पण तिला सांगणार कोण? मागे एकदा मी बाजारातून आले तर नवी साडी नेसून, ओठ रंगवून बसली होती. म्हटलं, कुठे निघालीस? तर म्हणे कुठे नाही. आरशाशी बोलत असेल बिचारी."

"तुम्हीही गाता म्हणे."

धाकटी गोरीमोरी झाली. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पण सूप ढवळताना तुम्ही गुणगुणत होतात."

धाकटीने दार लोटून घेतलं. रेकॉर्ड कंपनीचा माणूस तिला भेटून गेला होता. नवव्या गाण्याशिवाय अल्बम काढणार नाही म्हणत होता. बहिणी-बहिणींचे आवाज सारखे, तुम्हीच गाऊन टाका, कोणाला कळणार? ताईला हे अजून माहीत नव्हतं.

"म्हणून तुम्ही 'जिना' शिकलात."

"शिकले. पण नुसतं शिकले हो! तिच्या जागी उभं राहायला माझे पाय धजत नाहीत."

"म्हणून दाखवा. हळू."

धाकटीने डोळे मिटले. 'तू उतरून गेलास आणि पायऱ्या मोजायच्या राहिल्या त्या राहिल्याच.' लांबलचक ओळ तिने एका दमात म्हटली. आत्याला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तिच्या अंगावर काटा आला.

दारामागे काहीतरी पडलं. दार उघडलं तर बाई उभी होती, आणि तिच्या पायाशी सुपाचा वाडगा फुटून पडला होता.

"तूही?" बाई म्हणाली. एवढा एकच शब्द, आणि तोही पुरता ऐकू आला नाही.

३

टायरच्या दुकानामागचं जुनं गोदाम म्हणजे स्टुडिओ. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मध्ये काच, काचेच्या अलीकडे कपाटाएवढं मशीन. भाच्याचं नाक बारा महिने चोंदलेलं असायचं. तो श्वास घेई तेव्हा केटलीला उकळी फुटल्यासारखं वाटे. काचेपलीकडे गायला उभी राहिली की बाई त्याला बाहेर हाकलायची.

"कोणासमोर गायला त्यांना जमायचंच नाही गं," तो म्हणाला. "आम्ही पद्धतच पाडली होती. केव्हाही या, टेप लावा, हेडफोन घाला आणि लाल बटण दाबा. ट्रॅक मोकळाच असेल, ती जबाबदारी माझी. कितीतरी वेळा त्या एकट्या येऊन मागचे आलाप भरून गेल्या."

"ट्रॅक म्हणजे काय ते मला नीट सांग. मी ढ आहे असं समज."

"सोळा पदरी रस्ता समज. एका पदरात ड्रम, एकात गिटार. सगळे शेजारी शेजारी धावतात, कोणी कोणाला धक्का देत नाही. पण एकाच पदरात दुसरी गाडी घातली की पहिली गेली. लोक आधी वाद्यं भरतात, गाणं शेवटी. आमचं उलट. बाई आधी वाद्यांशिवाय नुसतं गाणार, मग ठेक्या तिच्याभोवती भिंती बांधणार. म्हणून त्यांचा ट्रॅक नेहमी पहिला."

एका फालतू टेपवर त्याने आत्याचं खोकणं भरून दाखवलं. भरून झालं तसा त्याचा हात न बघता एका गोल खुंटीकडे गेला आणि त्याने ती एक घर पुढे सरकवली. घड्याळासारखी गोल खुंटी, कडेने एक ते सोळा आकडे; ती ज्या आकड्यावर, लाल बटण त्याच ट्रॅकवर भरणार.

"टेप कोरी निघाली तेव्हा कोण होतं?"

"मी आणि ठेक्या. पहिल्या ट्रॅकचा आवाज दाखवणारा काटा हलेना. नुसती खरखर. ठेक्याने हेडफोन घातले, आवाज वाढवला आणि ऐकत बसला."

"किती वेळ?"

"अख्खं गाणं. मग पांढराफटक पडला आणि म्हणाला, काही नाही यात, टेप गुंडाळून ठेव, कोणाला ऐकवू नकोस."

आत्या काही विचारणार तोच मागून टक टक टक आवाज आला. ठेक्या दारात उभा होता. उंच, वाकलेला, दाढीचे खुंट वाढलेले. बोलायचा थांबला तरी पाय चालूच. भाच्याने सवयीने त्याच्या पायाखाली सतरंजी सरकवली. त्याच्या पायाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून ती कायम तिथेच ठेवलेली असे.

"बाईंचं आणि तुमचं 'जिना'वरून भांडण झालं होतं म्हणे?" आत्याने विचारलं.

"झालं होतं. मला ते गाणं बिनशब्दांचं हवं होतं. नुसती वाद्यं. घरात शेवटी कोणीच उरत नाही, मग गाणार कोण?"

"आणि बाई?"

"ती म्हणाली, मी उरते."

तो भाच्याकडे न बघता म्हणाला, "याला सोडा. याला काही माहीत नाही. आणि बाईंच्या बहिणीचाही संबंध नाही. मी पुसलं. स्टुडिओ बंद होता तेव्हा एका सकाळी आलो, माइक बंद ठेवला, लाल बटण दाबलं आणि बाहेर जाऊन सिगरेट ओढली. परत आलो तोवर झालं होतं. बाईंना सांगा, चोर सापडला."

४

बाईने निरोप ऐकला आणि मान भिंतीकडे वळवली. "त्याला सांगा... पुन्हा तोंड... दाखवू नकोस." धाकटीची तिने माफी मागितली, भाच्याचे हात हातात घेतले. सगळ्यांचं गोड झालं, एक ठेक्या सोडून. अल्बम रद्द झाला. कंपनीवाल्याने दुसरं गिऱ्हाईक बघितलं.

म्हणजे काम संपलं होतं. आत्या घरी आली, चपला काढल्या, पंखा लावला आणि दिवाणखान्यात बसली. फोन वाजण्याचं काही कारण नव्हतं आणि तो वाजला नाही. असे दिवस तिच्या चांगल्या ओळखीचे होते. सकाळी दूधवाला, संध्याकाळी शेजारणीच्या टीव्हीचा आवाज, मध्ये कोणी नाही. या वेळी मात्र तिला ते झोंबलं, कारण काही दिवस माणसांत काढले होते. एकटेपणाची सवय मोडायला वेळ लागत नाही, लावायला लागतो.

आणि तिच्या मनातून एक गोष्ट जाईना. ज्याने स्वतःच्या हाताने पाटी पुसली, तो कोरी पाटी शेवटपर्यंत वाचत कशाला बसेल?

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती स्टुडिओत हजर झाली. "तो कोरा ट्रॅक लाव."

"आत्या, त्यात काही नाही!"

"जे नाही ते ऐकव."

भाच्याने तिच्या कानांवर हेडफोन चढवले, बाकीचे ट्रॅक बंद केले आणि आवाज वाढवत नेला. आधी पावसासारखी खरखर. त्या खरखरीच्या तळाशी, फार लांबून, मुंगीएवढी वाद्यं. आत्याने डोळे मिटले.

रिकाम्या खोलीचा आवाज तिला पाठ होता. भाच्याला सूर कळत, तिला हे कळे. रिकामी खोली सगळीकडून सारखी वाजते. तिच्यात कोणी नुसतं गप्प बसलं तरी एका बाजूला आवाज अडतो, खोली त्या बाजूने जड होते. नवरा गेल्यावर कित्येक महिने तिने घरातलं ते जडपण शोधलं होतं आणि ते सापडलं नव्हतं.

इथे ते होतं. कापड सळसळलं. आणि मग, अगदी कानाशी, कोणीतरी श्वास घेतला.

आत्याने हेडफोन ओरबाडून काढले.

"अरे," ती म्हणाली, "इथे माणूस बसलंय!"

५

भाच्याने हेडफोन घालून ऐकलं, मग टेप मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

"आता माझ्याबरोबर विचार कर," आत्या म्हणाली. आगीच्या दाव्याच्या वेळी चढायचा तसा तिला आता हुरूप चढला होता. "हे पुसलेलं नाही. यावर कोणीतरी नव्याने भरलंय. माइक चालू होता, समोर माणूस होतं आणि त्याच्या हेडफोनमधली वाद्यं बाहेर झिरपत होती. म्हणजे ठेक्याची माइक बंद ठेवल्याची गोष्ट खोटी. शिवाय तो अख्खं गाणं या खुर्चीत बसला असता, तर सतरंजी असूनसुद्धा पायाचा ठोका आला असता. आहे ठोका?"

"नाही."

"तू असतास तर केटली वाजली असती."

"आत्या!"

"रागावू नकोस, त्या नाकानेच तुला वाचवलंय. आता श्वास कुठे कुठे येतो ते बघ. वाद्यं लाव आणि ओळ धर."

भाच्याने ओळ धरली. 'तू उतरून' इथे श्वास. 'गेलास आणि' इथे श्वास. 'पायऱ्या', पुन्हा श्वास. मध्ये नुसती हवा, हात फिरवल्यासारखी.

"कोणीतरी गाणं म्हणतंय," भाचा पुटपुटला. "पण आवाजच नाही."

"धाकटी हीच ओळ एका दमात म्हणते, मी ऐकलीय. मग दोन शब्दांवर कोणाचा दम संपतो? हवा कोणाची निसटून जाते? मागे नवी साडी नेसून, ओठ रंगवून कोण कुठे जाऊन आलं होतं?"

भाच्याने टेप थांबवली. "पण बाईंना स्वतःला कळलं नसतं का? आणि मोकळा ट्रॅक सोडून पहिल्या ट्रॅकवर..."

तो बोलता बोलता थांबला. त्याचा हात खुंटीवर होता.

"'जिना'त मोकळे ट्रॅक किती उरले होते रे?"

"एक. सोळावा. पण बाई दवाखान्यात दाखल झाल्या तेव्हा, स्टुडिओ बंद व्हायच्या आधी, ठेक्याने त्यावर आणखी एक गिटार भरली. ती झाली आणि मी..." त्याने हात खुंटीवरून उचलला. "मी खुंटी पुढे सरकवली असेन. नेहमीसारखी."

"सोळाच्या पुढे काय येतं?"

भाच्याने खुंटीकडे पाहिलं. ती गोल होती. सोळाच्या शेजारी एक होता.

दुपारी आत्या हॉटेलात गेली. जेवणाची वेळ टळून गेली होती, चार-दोन टेबलांवर माणसं होती आणि ठेक्या कोपऱ्यात कोणाचंही लक्ष नसलेलं काहीतरी वाजवत होता. ती समोर बसली. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि गिटार खाली ठेवली.

"ऐकलंत तुम्ही."

"तुम्ही केव्हा ओळखलं?"

"पहिल्याच श्वासाला. वर्षभर तिच्या गाण्यांतल्या श्वासांचा आवाज मीच कमी करत बसायचो. डोळे बांधून हजारात ओळखीन." तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "जुना आवाज कानात बंद ठेवून, नुसत्या वाद्यांवर ती बघायला आली असणार, थोडा तरी उरलाय का. आणि जो होता तोही तिच्याच हाताने गेला. हे तिला सांगणार तुम्ही?"

"तिने मला तेच काम दिलंय."

"हात जोडतो. माझ्यावरच राहू दे. मला शिव्या देत ती जगेल. स्वतःला द्यायला लागली तर उठणार नाही. आणि मी अगदी खोटंही बोललो नाही. शेवटचा मोकळा ट्रॅक मीच खाल्ला. तिला न विचारता. काय गरज होती त्या गिटारीची? काही नाही. ती दवाखान्यात होती, मला करमेना, म्हणून वाजवली."

माणूस सच्चा होता आणि त्याची मायाही खरी होती. पण माया करणाऱ्यांनी तिलाही असंच सांभाळलं होतं. तिला त्रास नको म्हणून आधी वाईट बातम्या कळवणं बंद झालं, मग चांगल्याही. शेवटी तिला कोणी काहीच सांगेनासं झालं.

"तुम्ही तिला शिव्या घालायला माणूस दिलात," ती उठत म्हणाली, "आणि तिचा एकुलता एक सोबती काढून घेतलात. हिशेब चुकलाय तुमचा."

बाहेर येऊन ती बराच वेळ फुटपाथवर उभी राहिली. बाईच्या घराची बस आली आणि गेली. ती चढली नाही. दुसऱ्या बसमध्ये चढली.

६

धाकटीला आत्याने मुद्दाम घरातच थांबवून घेतलं. मग बाईसमोर बसून तिने सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. खुंटी, सोळावा ट्रॅक, सोळाच्या शेजारचा एक. बाई मध्येच मान हलवू लागली.

"नाही. तो ट्रॅक... नेहमी... मोकळाच..."

"नेहमी असायचा. त्या दिवशी नव्हता. तुम्ही गेला होतात ना?"

बाईने तोंडावर उशी दाबली. ती रडत होती की ओरडत होती ते कळायला काही मार्गच नव्हता. धाकटी धावली, आत्याने तिला हाताने थांबवलं. आपण बरोबर केलं की माती केली, हे तिलाही कळत नव्हतं. खिडकीवरचं ऊन भिंतीवर सरकलं तरी उशी हलली नाही.

शेवटी बाईने उशी खाली घेतली. "आणि ठेक्याला... कधी कळलं?"

"टेप लावली त्याच दिवशी. तो श्वास तुमचाच आहे हे त्याने सगळ्यांच्या आधी ओळखलं."

"तरी... म्हणाला... मी केलं?"

"हो."

"गाढव," बाई म्हणाली. या एका शब्दाला मात्र तिचा श्वास पुरला. मग तिने गळ्याचा रुमाल नीट केला. "चप्पल... कुठेय... माझी?"

ठेक्याला भाच्याने हॉटेलातून ओढत आणलं. गादीच्या भिंतींमध्ये दोघं समोरासमोर उभी राहिली. कोणी कोणाची माफी मागितली नाही. बाईने तो ट्रॅक ऐकायला मागितला आणि हेडफोन धरून सबंध ऐकला, शेवटच्या श्वासापर्यंत. तिचे ओठ हलत होते.

"राहू दे... हे," ती म्हणाली.

"राहू दे म्हणजे?" भाचा गोंधळला. "गाण्यात?"

"मी आहे... त्यात. आता... वर कोणीतरी... म्हणायला हवं."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. बाईने मान हलवली. तिचं बोट ठेक्याकडे होतं.

"वेड लागलंय का? मला गाता येत नाही!"

"मला तरी... कुठे... येतं आता?"

कोणाला हसू येईना आणि रडूही येईना. ठेक्याने वर पाहिलं, खाली पाहिलं. "ट्रॅक कुठे आहे पण? सगळे भरलेत."

"सोळावा," भाचा म्हणाला.

ठेक्याने सोळाव्या ट्रॅकवरची आपली गिटार एकदा लावून ऐकली. चांगली वाजली होती. बाई दवाखान्यात होती त्या दिवसांत त्याने इतकं चांगलं दुसरं काहीच वाजवलं नव्हतं, आणि तीही त्या टेपशिवाय कुठे नव्हती. मग त्याने स्वतः खुंटी सोळावर आणली, आकडा दोनदा तपासून घेतला, बूट काढून पाय उशीवर ठेवले आणि माइकपाशी बसला. बाई त्याच्या शेजारी बसली. बाई कोणासमोर बसून गाणं भरत असल्याची ही पहिलीच वेळ, असं भाचा नंतर सांगायचा.

आत्या पर्स घेऊन उठली. तिचं काम झालं होतं. घरी दुधाचं पातेलं उघडंच राहिलं होतं. ती दारापाशी पोचली तेवढ्यात भाच्याने काचेआडून हात हलवला.

"आत्या, दार उघडू नकोस आता! टेप सुरू करतोय. बस तिथेच. आणि गाणं संपेपर्यंत हलू नकोस, सगळं टेपवर येतं."

लाल दिवा लागला. ठेक्या घसा खाकरून, फाटक्या आवाजात पहिली ओळ म्हणायला लागला. आत्याने पर्स हळूच मांडीवर घेतली, आणि तिथल्याच स्टुलावर, त्या दोघांच्या पाठीमागे, बसली.